फरक एक हजार आठशे पन्नास

महिन्याचा पहिला रविवार बाबांच्या बँकेचा, हे माझ्या धाकट्या भावाने ठरवलं होतं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण बोलतो थोरल्यासारखा. आई गेल्यापासून दोन वर्षं बाबा एकटे राहत होते. ऐंशीला टेकले होते, आणि हल्ली जरा विसरायला लागले होते. धाकट्याचं म्हणणं, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. माझं म्हणणं, ते आपल्या घरात बरे आहेत. शेवटी त्याने अट घातली.

"ताई, दर महिन्याला त्यांचा हिशोब करून मला पाठव. बँकेशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला, तर बाबांचं डोकं ठिकाणावर आहे असं मी समजेन. ज्या महिन्यात पैसे कुठे गेले ते सांगता येणार नाही, त्या महिन्यात मी त्यांची बॅग भरतो."

मी हो म्हटलं. फरशीच्या कारखान्यात बिलांच्या विभागात माझी बावीस वर्षं गेली आहेत. हिशोब जुळवायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पण तो प्रोग्रॅम. घरखर्चाचा तो प्रोग्रॅम आईने कधीकाळी घेतला होता, आणि मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो एकटाच चालायचा. बँकेच्या साइटवरून महिन्याची फाइल उतरवायची आणि त्यात भरायची, एवढं साधं काम. त्याला दर वेळी माझे दोन तास जायचे. बँक तारीख देते ती दिवस आधी, महिना नंतर. प्रोग्रॅमला महिना आधी लागतो. बँक आलेले पैसे डावीकडे लिहिते, प्रोग्रॅमला ते उजवीकडे हवेत. एकदा तर त्याने बाबांची पेन्शन खर्चात टाकली आणि मला विचारलं, हा खर्च दर महिन्याला होतो का? मी त्याला तोंडाने उत्तर दिलं. बाबा बाहेरून म्हणाले, कोणाशी बोलतेस गं?

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दुपारी तिथे बसले. ऊन पडद्यावर येऊन आकडे दिसेनासे होतात, म्हणून खिडकी झाकून घेतली होती. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. कपाटात आईचे स्वेटर अजून तसेच होते आणि बाबा कुणाला हात लावू देत नव्हते. कीबोर्डवरची अक्षरं धड होती, आकडे मात्र आईच्या बोटांनी पार पुसून टाकले होते. समोरच्या घरात शिवणवाल्या काकूंचं मशीन चालू होतं. ते मध्येच थांबायचं, आणि थांबलं की कॉम्प्युटरचा पंखा ऐकू यायचा.

एप्रिलची फाइल तिसऱ्या प्रयत्नात आत गेली. मी एकेक ओळ तपासली. वीज, औषधं, किराणा, बाबांचे केस कापल्याचे पैसे, सगळं जागच्या जागी. आणि खाली लाल अक्षरात: फरक १,८५०.

परत मोजलं. फरक तोच. फाइल काढून टाकून पुन्हा भरली, तरी तोच. बँकेचा कागद छापून पेन्सिलीने बेरीज केली, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. चूक बँकेच्या कागदातच होती. महिन्याअखेरची शिल्लक एक हजार आठशे पन्नासने कमी होती, आणि त्या रकमेची ओळच नव्हती. पैसे गेले होते, पण कुठे गेले ते लिहिलेलं नव्हतं. बँकेला फोन लावला. रविवार. एक बाई मला वीस मिनिटं सांगत राहिली की माझा कॉल महत्त्वाचा आहे.

"बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही कुणाला एक हजार आठशे पन्नास दिलेत?"

बाबा दारात येऊन उभे राहिले. खोलीत मात्र आले नाहीत. "नाही बुवा."

"आठवून बघा."

"नाही दिले." मग जरा वेळाने, हळूच, "फरक आला का?"

"आला."

"साधंसं काहीतरी लिही," बाबा म्हणाले आणि निघून गेले.

सहा वाजले होते. धाकट्याचे दोन मेसेज येऊन गेले होते, हिशोब कुठे आहे म्हणून. फरक दाखवला असता, तर त्याने दुसऱ्याच दिवशी बाबांची बॅग भरली असती. आणि बाबा त्या बॅगेमागे मुकाट्याने गेले असते, हे मला जास्त लागत होतं. मग मी ते केलं, जे ऑफिसात कुणी केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. फरकाएवढी एक खोटी नोंद टाकली. कारण काय लिहायचं? औषध लिहिलं तर धाकटा विचारणार कसलं. दुरुस्ती लिहिली तर विचारणार कशाची. समोर दार दिसत होतं. मी लिहिलं, 'कुलूपवाला', आणि कोणासाठी असं विचारलं तिथे बाबांना निवडलं. तारीख सहा एप्रिल. नोंदीवर टिक केली, लाल आकडा शून्य झाला, महिना बंद केला आणि कागद पाठवून दिले. धाकट्याने अंगठा पाठवला. मला स्वतःची लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

सोमवारी बँकेतल्या माणसाने मला गोड आवाजात सांगितलं की त्यांच्याकडे सगळं बरोबर दिसतंय.

जूनच्या पहिल्या रविवारी मे महिन्याची फाइल पहिल्या फटक्यात आत गेली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सगळं जुळलं. फक्त अगदी खाली, पुढच्या तारखांच्या जागी, एक राखाडी ओळ होती. कुलूपवाला, १,८५०, चार जून.

मी कपाळावर हात मारला. घाईत मी सहा-चार लिहिलं होतं, आणि ह्या शहाण्याने महिना आधी धरून सहाव्या महिन्याची चार तारीख केली होती. बावीस वर्षांची नोकरी, आणि चूक ही असली. ओळ दुरुस्त करायला गेले, तर पासवर्ड मागायला लागला. बंद केलेल्या महिन्यात टिक झालेली नोंद अशी सहजासहजी बदलत नाही. पासवर्ड आईने घातलेला. तिचा वाढदिवस टाकून पाहिला, बाबांचा, माझा, धाकट्याचा, लग्नाची तारीख, जुना फोन नंबर. तोंडाला फेस आला, पण तो काही ऐकेना.

आईने कुठे काही लिहून ठेवलंय का बघावं, म्हणून मी तिच्या जुन्या नोंदी चाळायला घेतल्या. प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात. एक खर्चाची आणि एक नोंद लिहिल्याची. दुसरी एरवी कोणी बघत नाही. मी बघितली, कारण माझी सवयच तशी.

नळाचा वायसर: खर्च बारा तारखेचा, लिहिलाय नऊ तारखेला. छत्रीची काडी: लिहिल्यानंतर चार दिवसांनी खर्च. घड्याळाचा पट्टा: सहा दिवसांनी. एखाददुसरी असती, तर म्हटलं असतं की आईने आधी बेत लिहून ठेवले असतील. पण रकमा शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर होत्या, आणि नळ गळायच्या आधी तीन दिवस कोणी वायसर लिहीत नाही. समोरचं शिवणाचं मशीन थांबलं. मी खाली खाली जात राहिले आणि एका ओळीवर माझा हात थांबला. हॉस्पिटल, ४८,२१६.३५.

तो आकडा मी कशी विसरेन? हॉस्पिटलच्या खिडकीत बाबांच्या खात्यातून ते बिल मीच भरलं होतं, आई गेली त्या दिवशी. आई जिन्यावरून पडली, नऊ दिवस तिथे होती, आणि मग गेली. नोंद लिहिली होती ती पडायच्या आठ दिवस आधी. ओळीच्या शेवटी, 'कोणासाठी' ह्या रकान्यात, तिने निवडलं होतं: स्वतः.

"बाबा," मी हाक मारली.

ते आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. मी बोटाने ओळ दाखवली. ती वाचायला त्यांना चष्मा लागला नाही.

"तिला आधी फरक दिसायचा," बाबा म्हणाले. "पैसे आधी कमी व्हायचे... मग खर्च यायचा. ती म्हणायची, रक्कम आपल्या हातात नसते. कारण आपल्या हातात असतं. म्हणून साधंसं कारण लिहायचं."

"आणि हे?"

"एवढ्या मोठ्या रकमेला साधं कारण सुचेना तिला. दोन दिवस इथेच बसून होती. शेवटी हॉस्पिटल लिहिलं... मग ते विचारतं ना, कोणासाठी. घरात माणसं दोनच."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. असलं काही धाकट्याच्या कानावर गेलं, तर तो महिनाअखेरपर्यंतही थांबणार नव्हता. "बाबा, हे कुणाजवळ बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

"तू काय लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

"कुलूपवाला."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "साधं आहे."

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, पण उघडी राहिलेली नोंद मला सहन होत नाही. सोमवार आणि मंगळवार मी ऑफिसात चुकीची बिलं पास केली. मंगळवारी संध्याकाळी मला एक युक्ती सुचली, आणि खरं सांगते, तिचा मला अभिमान वाटला. होऊन होऊन काय होणार होतं? चार तारखेला कुलूपवाल्याला एक हजार आठशे पन्नास जाणार. मग आपणच देऊन टाकू. आपल्या हाताने, दिवसाढवळ्या, काहीही वाईट न होता.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कुलूपवाल्याला बाबांच्या घरी बोलावलं. उंच, अबोल माणूस होता. दारावरचं जुनं लॅच काढून नवं बसवायला सांगितलं. किती झाले विचारलं, तर तो म्हणाला, "सतराशे."

"एक हजार आठशे पन्नास घ्या," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "कशाबद्दल?"

"येण्याजाण्याचे धरा."

बाबांच्या कार्डाने मी पैसे दिले. जाताना त्याने चौकटीवर आपल्या नंबराचं स्टिकर चिकटवलं. बाबांना एक किल्ली दिली. उरलेल्या दोन पर्समध्ये टाकल्या, कार्डही पर्समध्येच टाकलं, आणि दार ओढून घेतलं. नवं लॅच एकदम घट्ट बसलं. परतीच्या बसमध्ये मी कितीतरी दिवसांनी डोळे मिटून शांत बसले होते.

जुन्या लॅचची एक किल्ली शिवणवाल्या काकूंच्या घरी खिळ्याला टांगलेली असायची. आई असल्यापासूनची, अडीअडचणीसाठी. नव्या किल्ल्यांपैकी एक त्यांना द्यायची होती. त्या समोरच राहतात. चार पावलं.

सव्वाचारला बाबा न्हाणीघरात पडले. त्यांच्या हाका काकूंना ऐकू आल्या. त्या किल्ली घेऊन धावल्या, आणि ती किल्ली काही लागेना. आधी त्यांना वाटलं, आपण ती उलटी घातलीय. मग त्यांनी मला अकरा फोन केले. माझा फोन ऑफिसातल्या टेबलाच्या खणात होता, आवाज बंद करून. शेवटी त्यांनी चौकटीवरचं स्टिकर पाहिलं आणि त्या नंबरावर फोन लावला.

मी पोहोचले, तेव्हा दार तोडलेलं होतं. बाबांना खाली नेत होते आणि त्यांच्या तोंडावर कापड होतं. काकू मला म्हणाल्या, "पाऊण तास बोलत होते गं आतून... मला म्हणत होते, तिला सांगा, साधंच होतं." दाराशी तो कुलूपवाला आपली पेटी घेऊन अवघडून उभा होता. तो काही मागत नव्हता. मीच त्याला विचारलं, किती, आणि त्याने खाली मान घालून सांगितलं, तोडण्याचे एक हजार आठशे पन्नास. मी पर्स उघडली. कार्ड वरच होतं, आणि त्याच्याखाली त्या दोन किल्ल्या.

मी ते पैसे दिले. त्या वेळी मी का दिले, हे मला आजही सांगता येत नाही.

जूनचा हिशोब मागायला कोणी नव्हतं. तरी जुलैच्या पहिल्या रविवारी मी जाऊन बसले. जायला दुसरी जागाच नव्हती. खोलीत तोच वास, तोच पंखा. काकूंनी मशीन बंद ठेवलं होतं. फाइल भरली. चार जूनला कुलूपवाल्याच्या दोन ओळी आल्या. पहिलीपाशी प्रोग्रॅमने मला विचारलं, ही तुम्ही लिहिलेलीच नोंद आहे का? मी हो म्हटलं. मग मी बँकेच्या कागदावर दुसरी ओळ बघितली आणि तिच्यापुढची शिल्लक बघितली.

शिल्लक हललेलीच नव्हती. चार जूनला दोनदा पैसे गेले, आणि बँकेत कमी झाले ते एकदाच. दार तोडल्याचे पैसे त्या दिवशी कोणी घेतलेच नाहीत. ते एप्रिलमध्येच घेऊन झाले होते. मे महिन्यातल्या त्या दुपारी मी ज्याच्यावर डोकं आपटत होते, तो फरक हाच. कारण काय लिहायचं, तेवढंच माझ्या हातात होतं, आणि मी ते समोरच्या दाराकडे बघून लिहिलं होतं. खाली हिरव्या अक्षरात आलं, फरक शून्य. मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढून काढली आणि तिथेच जमिनीवर बसून रडले.

तुम्ही विचाराल, आता हे सगळं तुम्हाला का सांगतेय. परवा धाकट्याचा फोन आला. बाबांचं खातं बंद व्हायला अजून कागदपत्रं बाकी आहेत, आणि आता ते तोच बघतो. कॉम्प्युटर त्याने मला न विचारता घरी नेलाय.

"ताई, कसला डोकेखाऊ प्रोग्रॅम आहे गं हा. सगळ्या ओळी जुळतात, आणि तरी फरक येतो."

"तू काही लिहू नकोस," मी म्हटलं.

"मिटवला केव्हाच. वकिलाला कागद द्यायचे होते."

"किती होता?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा. पॉइंट पस्तीस."

"कारण काय लिहिलंस?"

"एवढ्या रकमेला काय लिहिणार? गाडी दुरुस्ती लिहिलं. मग ते विचारत बसलं, कोणासाठी. आई-बाबांची नावं कशी निवडणार? खाली तुझं होतं, ते निवडलं. का गं? नुसता कागद आहे तो."

"तारीख?"

"आजची. दहा-नऊ."

"नीट बघ, काय दाखवतोय."

तो बघत होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे तो पंखा. "हे काय भलतंच. नऊ ऑक्टोबर दाखवतोय. थांब, बदलतो." बटणं वाजली. मग थांबली. "बदलत नाहीये, ताई... पासवर्ड मागतोय."

माझ्याकडे गाडी नाही. मला चालवताही येत नाही. नऊ ऑक्टोबरला गुरुवार आहे, हे मी फोन ठेवायच्या आधीच बघितलं. धाकटा म्हणाला, बरं झालं आठवलं, त्याच दिवशी वकिलाकडे आपल्या दोघांच्या सह्या आहेत, तू बसने कुठे धक्के खात येतेस, सकाळी मी गाडी घेऊन तुला न्यायला येतो. मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. मागच्या वेळी मी शहाणपणा केला होता.